पित्तातील मिश्र मायसेले

पित्तलवणे व फॉस्फोलिपिडे यांचे रेणू पाण्यात एकत्र येऊन जे अतिसूक्ष्म रेणुसमूह तयार करतात, त्यांना मिश्र मायसेले असे म्हणतात. एकाच प्रकारच्या रेणूंच्या समूहास साधे मायसेल म्हणतात. येथे दोन किंवा अधिक प्रकारचे रेणू एकाच समूहात सहभागी होत असल्याने ‘मिश्र’ हे विशेषण वापरतात. एक लिटर शुद्ध पाण्यात कोलेस्टेरॉल २ मिग्रॅ.पेक्षाही कमी विरघळते; पित्ताशयातील एक लिटर पित्तात मात्र ते काही ग्रॅम असूनही निरोगी पित्त स्वच्छ व पारदर्शक राहते. विद्राव्यतेतील ही हजार पटींहून अधिक वाढ प्रामुख्याने मिश्र मायसेलांमुळे घडते. अन्नातील वसांचे (स्निग्ध पदार्थांचे) व अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांचे आतड्यातील वहनही याच प्रकारच्या समूहांमार्फत होते.

मिश्र मायसेल हा ठराविक घडणीचा, टिकाऊ कण नव्हे. त्यातील पित्तलवणाचे रेणू भोवतालच्या विद्रावातील सुट्या रेणूंशी सतत अदलाबदल करीत असतात. त्यामुळे विद्राव विरल झाला किंवा घटकांचे प्रमाण बदलले की, मायसेलाचे संघटन, आकारमान व आकार ही तिन्ही बदलतात. पित्ताचे शरीरक्रियेतील कार्य आणि त्यासंबंधीचे काही विकार यांचा उलगडा या एका गुणधर्मावरून होऊ शकतो.

घटक रेणू : पित्ताम्ले यकृतात कोलेस्टेरॉलापासून तयार होतात. मानवात कोलिक अम्ल व कीनोडिऑक्सिकोलिक अम्ल ही प्राथमिक पित्ताम्ले असून आतड्यातील सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने त्यांपासून अनुक्रमे डिऑक्सिकोलिक व लिथोकोलिक ही द्वितीयक अम्ले बनतात. यकृतात पित्ताम्लांचा ग्लायसीन किंवा टॉरीन यांच्याशी संयोग होतो. मानवी पित्तात ग्लायसीनयुक्त व टॉरीनयुक्त संयुगांचे प्रमाण सु. ३ : १ असते. या संयोगामुळे अम्लाचे प्राबल्य वाढते व ग्रहणीतील (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील) किंचित अम्लीय द्रवातही ती आयनरूपाने विरघळलेली राहतात. ती मुख्यतः सोडियम लवणांच्या रूपात असल्याने त्यांना पित्तलवणे म्हणतात.

पित्ताम्लांच्या संरचनेवरील कार्याबद्दल हाइन्रिख व्हीलांट यांना १९२७ चे, तर संबंधित स्टेरॉलांवरील कार्याबद्दल आडोल्फ व्हिंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यावेळी स्वीकारलेले संरचनासूत्र सदोष होते. १९३२ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी स्टेरॉलांच्या स्फटिकांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला, तेव्हा रेणूची मापे जुन्या सूत्राशी जुळत नाहीत असे दिसून आले व त्याच वर्षी सूत्रात दुरुस्ती झाली. या दुरुस्तीमुळेच पित्तलवणाच्या रेणूचा खरा आकार समजला.

साबणाच्या रेणूचे एक टोक जलस्नेही (पाण्याकडे ओढ असलेले) आणि लांब शेपटीसारखा भाग जलद्वेषी असतो. पित्तलवणाच्या रेणूत अशी टोके नसून बाजू असतात. चार वलयांचे स्टेरॉइड केंद्रक ताठ व किंचित वाकलेल्या पट्टीसारखे असते. या पट्टीच्या अंतर्वक्र बाजूस हायड्रॉक्सिल गट (कोलिक अम्लात तीन, डिऑक्सिकोलिक व कीनोडिऑक्सिकोलिक अम्लांत दोन, लिथोकोलिक अम्लात एक) असल्याने ती बाजू जलस्नेही असते. दुसऱ्या बाजूस मिथिल गट असल्याने ती जलद्वेषी असते. विद्युत् भारित गट एका आखूड, लवचिक शृंखलेच्या टोकाशी असतो.

पित्तातील फॉस्फोलिपिडांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग लेसिथिनाचा (फॉस्फॅटिडिल कोलिनाचा) असतो. त्याच्या रेणूत वसाम्लांच्या दोन लांब शृंखला व फॉस्फेट-कोलीन हे जलस्नेही शीर्ष असते. शीर्षावर धन व ऋण असे दोन्ही भार असल्याने रेणू एकंदरीत उदासीन असतो. दोन शृंखलांमुळे रेणूचा आकार साधारणपणे दंडगोलासारखा होतो व असे रेणू लहान गोल समूहात मावत नाहीत. म्हणून पाण्यात टाकलेले लेसिथीन विरघळत नाही. ते फुगते व त्याचे द्विस्तरी थर असलेले द्रव स्फटिक बनतात. हे मिश्रण पुरेशा पाण्यात घुसळल्यास द्विस्तर मिटून पोकळ पुटिका तयार होतात व द्रव दुधाळ दिसतो.

साधी मायसेले : पृष्ठक्रियाशील पदार्थाची पाण्यातील संहती (एकक घनफळातील प्रमाण) एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे त्याचे सुटे रेणू एकत्र येऊ लागतात. या मर्यादेस क्रांतिक मायसेल संहती म्हणतात. साबणाच्या विद्रावातील अशा समूहांची कल्पना जे. डब्ल्यू. मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडली. जलद्वेषी भागांभोवती पाण्याच्या रेणूंना जी विशिष्ट मांडणी करावी लागते, ती समूह बनल्यावर टळते. पाण्याची एंट्रॉपी वाढते व हीच समूहनिर्मितीची मुख्य प्रेरणा होय.

सोडियम डोडेसिल सल्फेट या नेहमीच्या प्रक्षालकाच्या एका मायसेलात सु. ६० रेणू असतात आणि त्याची क्रांतिक संहती सु. ८ मिलिमोल प्रतिलिटर असते. पित्तलवणांची साधी मायसेले त्या मानाने फारच लहान असतात. कोलेटाच्या समूहात केवळ काही रेणू असतात. डायहायड्रॉक्सी लवणांच्या समूहात, विशेषतः मीठ असलेल्या विद्रावात, ते अधिक असतात. क्रांतिक संहती सोडियम कोलेटाची सु. १० ते १५ मिलिमोल प्रतिलिटर, तर सोडियम डिऑक्सिकोलेटाची सु. २ ते ६ मिलिमोल प्रतिलिटर असते. तापमान, लवणांचे प्रमाण व मापनाची रीत यांनुसार हे आकडे बदलतात. येथे समूहनिर्मिती एकदम न होता टप्प्याटप्प्याने होते, त्यामुळे मर्यादा साबणाइतकी स्पष्ट नसते. डी. एम्. स्मॉल यांच्या स्पष्टीकरणानुसार काही रेणू आपल्या जलद्वेषी बाजू आत, पाठीला पाठ लावल्याप्रमाणे, ठेवून लहान समूह बनवितात. असा समूह कोलेस्टेरॉलास फारशी जागा देऊ शकत नाही.

मिश्र मायसेलांची निर्मिती : लेसिथिनाच्या दुधाळ मिश्रणात पित्तलवण थोडेथोडे मिसळत गेल्यास तीन टप्पे दिसतात. प्रथम पित्तलवणाचे काही रेणू द्विस्तरात शिरतात व बाकीचे पाण्यात सुटे राहतात. पुटिका टिकून असतात व द्रव गढूळच दिसतो. दुसऱ्या टप्प्यात द्विस्तर पित्तलवणाने संपृक्त होतो व त्याचे तुकडे पडू लागतात. पाण्यास उघड्या पडणाऱ्या वसाम्ल-शृंखलांवर पित्तलवणाचे रेणू आपली जलद्वेषी बाजू टेकवितात व जलस्नेही बाजू पाण्याकडे करतात. या वेळी पुटिका व मिश्र मायसेले एकत्र नांदतात. तिसऱ्या टप्प्यात सर्व लेसिथीन मायसेलांत जाते व दुधाळ द्रव पाण्यासारखा स्वच्छ होतो, कारण प्रकाशाचे लक्षणीय प्रकीर्णन करण्याइतके मोठे कण उरत नाहीत.

अशा रीतीने द्विस्तराचा हट्ट धरणारे लेसिथीन पित्तलवणामुळे लहान समूहांत राहू शकते आणि पित्तलवणाच्या तोकड्या मायसेलास लेसिथिनामुळे प्रशस्त तेलकट गाभा लाभतो. या गाभ्यात कोलेस्टेरॉलाची विद्राव्यता केवळ पित्तलवणाच्या विद्रावातील विद्राव्यतेच्या कित्येक पट होते. याखेरीज लेसिथिनाच्या सान्निध्यात पित्तलवण कमी संहतीलाच समूहात सामील होते. स्मॉल, बूर्झेस व डेर्व्हिशियन यांनी १९६६ मध्ये पाणी, पित्तलवण, लेसिथीन व कोलेस्टेरॉल यांच्या प्रावस्थांचा (भौतिक अवस्थांचा) आलेख प्रसिद्ध केला. कोणत्या प्रमाणात स्वच्छ मायसेली विद्राव मिळतो व कोणत्या प्रमाणात द्रव स्फटिक किंवा घन स्फटिक वेगळे होतात, हे त्यावरून कळते.

संरचना : मिश्र मायसेलाच्या आकाराविषयीची कल्पना क्रमाने बदलत गेली. स्मॉल यांनी १९६७ च्या सुमारास तबकडीची प्रतिकृती सुचविली. तीनुसार लेसिथिनाच्या द्विस्तराचा एक लहान गोल तुकडा मध्यभागी असून त्याच्या कडेभोवती पित्तलवणाचे रेणू पट्ट्यासारखे बसलेले असतात. एन्. ए. मेझर, जी. बी. बेनेडेक व एम्. सी. केरी यांनी १९८० मध्ये प्रकाश प्रकीर्णनाच्या साहाय्याने आकारमाने मोजली आणि पित्तलवणाचे काही रेणू जोडीजोडीने तबकडीच्या आतही असतात, अशी सुधारणा केली.

पुढे न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या पद्धतीने वेगळे चित्र पुढे आले. साधे पाणी व जड पाणी यांचे प्रमाण बदलून या पद्धतीत समूहाचा विशिष्ट भाग ‘दिसेल’ अशी योजना करता येते. विद्राव अतिशीघ्र गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या प्रतिमांतही (१९९१) लांबट, लवचिक दांड्यांसारखी मायसेले आढळली. यावरून पित्तलवण विपुल असताना समूह लहान व जवळजवळ गोलाकार आणि लेसिथिनाचे सापेक्ष प्रमाण वाढल्यावर सु. ५ नॅनोमीटर जाडीचा दंडगोलाकार असतो (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग), असे मानले जाते. दंडगोलात शृंखला अक्षाकडे व शीर्षे बाहेर असून शीर्षांच्या मधल्या फटींत पित्तलवणाचे रेणू आडवे बसतात. अनेक पाठ्यपुस्तकांत आढळणारी तबकडीची आकृती स्थूल कल्पना देण्यापुरतीच घ्यावी.

विरलनाचा परिणाम : मायसेलांच्या दरम्यानच्या पाण्यात पित्तलवणाचे काही रेणू नेहमी सुटे असतात, लेसिथीन मात्र जवळजवळ संपूर्णपणे समूहांतच असते. विद्रावात पाणी मिसळल्यास सुट्या रेणूंची संहती टिकविण्यासाठी मायसेलांतील पित्तलवण बाहेर पडते. परिणामी उरलेल्या मायसेलांत लेसिथिनाचे प्रमाण वाढते.

समजुतीसाठी पुढील ठोकळ गणित उपयोगी पडेल. एका विद्रावात पित्तलवण ५० व लेसिथीन २० मिलिमोल प्रतिलिटर असून सुट्या पित्तलवणाची संहती ५ मिलिमोल प्रतिलिटर आहे असे मानू. मायसेलांत ४५ भाग पित्तलवण व २० भाग लेसिथीन, म्हणजे लेसिथिनाच्या प्रत्येक रेणूमागे पित्तलवणाचे २.२५ रेणू असतील. विद्राव पाचपट विरल केल्यावर एकूण पित्तलवण १० व लेसिथीन ४ होईल; ५ सुटे राहिल्यास मायसेलांतील गुणोत्तर १.२५ वर येईल. आठपट विरलन केल्यास एकूण पित्तलवण ६.२५ व लेसिथीन २.५ आणि गुणोत्तर अवघे ०.५ होईल. म्हणजे दोन्ही घटकांचे एकूण प्रमाण सारखेच राहूनही मायसेलाचे अंतर्गत संघटन पार बदलते. प्रत्यक्षात सुट्या रेणूंची संहतीही थोडी घटत जाते, परंतु बदलाची दिशा हीच राहते.

पित्तलवण कमी झाल्याने मायसेले लांबत जातात व एका मर्यादेनंतर ती द्विस्तरात परत जाऊन पुटिका बनतात. स्वच्छ मायसेली विद्रावात नुसते शुद्ध पाणी ओतल्याने तो गढूळ होतो, हे म्हणूनच घडते. साखरेच्या पाकात पाणी घातल्यास असे काही होत नाही. उलट, मायसेलांची संहती आहे तशी ठेवून विरल करावयाची असल्यास पाण्याऐवजी सुट्या पित्तलवणाच्या त्याच संहतीचा विद्राव वापरावा लागतो.

पचनातील कार्य : जठरातून आलेल्या वसेचे थेंब ग्रहणीत पित्तामुळे बारीक होऊन त्यांचे पायस बनते. अग्निपिंडातील लायपेज हे एंझाइम कोलायपेज या प्रथिनाच्या मदतीने थेंबांच्या पृष्ठभागावर कार्य करते व त्यातून वसाम्ले आणि मोनोग्लिसराइडे निर्माण होतात. ए. एफ्. हॉफमन व बी. बोरस्ट्रम यांनी १९६२ ते १९६४ या काळात माणसाच्या आतड्यातील द्रव अपकेंद्रित्राने (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने) विभागला. तेव्हा वर तेलकट प्रावस्था व खाली स्वच्छ मायसेली प्रावस्था मिळाली आणि पचनाने निर्माण झालेली द्रव्ये मायसेलांत असल्याचे सिद्ध झाले. आतड्यातील मिश्र मायसेलांत लेसिथिनाबरोबर त्याच्या विघटनाने होणारे लायसोलेसिथीन, वसाम्ले व मोनोग्लिसराइडेही असतात.

आतड्याच्या अस्तरालगत पाण्याचा एक स्थिर थर असतो. तो ओलांडून जाणे पायसाच्या मोठ्या थेंबांस शक्य नसते व सुटी वसाम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. काही नॅनोमीटर आकाराची मायसेले मात्र या थरातून पुष्कळ माल अस्तरापर्यंत पोहोचवितात. तेथे मायसेल अखंड शोषले जात नाही. वसाम्ले सुटी होऊन कोशिकांत शिरतात व पित्तलवणे मागे राहतात. पुढे लहान आतड्याच्या अखेरच्या भागात त्यांपैकी सु. ९५% शोषली जाऊन यकृताकडे परततात. शरीरातील पित्तलवणांचा एकूण साठा केवळ २ ते ४ ग्रॅ. असून तो दिवसातून ६ ते १० वेळा हे चक्र पूर्ण करतो.

पित्तमार्ग बंद झाल्यास मलावाटे वसा जाऊ लागते. के जीवनसत्त्वाचे शोषण खुंटल्याने रक्त साखळण्याची क्रिया मंदावते व रक्तस्रावाचा धोका उद्भवतो. अशा कावीळग्रस्त रुग्णांना के जीवनसत्त्व पित्तलवणांसह देण्याचा उपचार १९३८ मध्ये यशस्वी झाला.

पित्ताश्मरी : यकृतकोशिकांतून लेसिथीन व कोलेस्टेरॉल प्रथम पुटिकांच्या रूपाने पित्तात येतात व पित्तलवणे त्यांचे मिश्र मायसेलांत रूपांतर करतात. डब्ल्यू. एच्. ॲडमिरंड व स्मॉल यांनी १९६८ मध्ये रुग्णांच्या पित्तातील तिन्ही घटकांचे प्रमाण त्रिकोणी आलेखावर मांडले आणि कोलेस्टेरॉलाच्या पित्ताश्मरी (पित्तखडे) असलेल्यांचे पित्त मायसेलांच्या धारणक्षमतेच्या मर्यादेवर किंवा तिच्या बाहेर पडते, असे दाखविले. मात्र अनेक निरोगी व्यक्तींचे पित्तही अतिसंपृक्त असते. मग त्यांच्यात खडे का होत नाहीत, हा प्रश्न उरला. १९८३ मध्ये जी. जे. सोमजेन व टी. गिलात यांनी मानवी पित्तात मायसेलांखेरीज पुटिकाही कोलेस्टेरॉल वाहून नेतात, असे निदर्शनास आणले व उत्तराची दिशा मिळाली.

पित्ताशयात पाणी शोषले जाऊन पित्त संहत होते, म्हणजे विरलनाच्या उलट क्रिया घडते. पुटिकांतील लेसिथीन कोलेस्टेरॉलापेक्षा अधिक प्रमाणात मायसेलांत जाते. कोलेस्टेरॉल मुळात जास्त असल्यास उरलेल्या पुटिका कोलेस्टेरॉलाने समृद्ध व अस्थिर होतात, एकमेकींना चिकटतात व त्यांतून कोलेस्टेरॉलाचे स्फटिक बाहेर पडतात. श्लेष्म्यात अडकलेले हे स्फटिक, पित्ताशय नीट रिकामे होत नसल्यास, वाढत जाऊन खडे बनतात. सर्व पित्ताश्मरी अशा नसतात; काहींत रंगद्रव्यांचे प्राधान्य असते. भारतात पित्ताश्मरींचे प्रमाण दक्षिणेपेक्षा उत्तरेत अधिक असून उत्तरेत कोलेस्टेरॉलाचे, तर दक्षिणेत रंगद्रव्ययुक्त खडे तुलनेने अधिक आढळतात.

कीनोडिऑक्सिकोलिक अम्ल पोटात दिल्याने कोलेस्टेरॉलाचे खडे विरघळू शकतात, असे १९७२ मध्ये दिसून आले. नंतर त्याची जागा अधिक निर्धोक अशा अर्सोडिऑक्सिकोलिक अम्लाने घेतली. याच्या रेणूत सातव्या कार्बनावरील हायड्रॉक्सिल गट उलट बाजूस असल्याने मायसेलात कोलेस्टेरॉल सामावण्याची त्याची शक्ती कमी असते. त्याचा गुण यकृतातून होणारा कोलेस्टेरॉलाचा स्राव घटविणे व खड्याच्या पृष्ठभागावरील कोलेस्टेरॉल द्रव स्फटिकरूपाने सुटे करणे यांमुळे येतो. हा उपचार कॅल्शियम नसलेले लहान खडे व कार्यक्षम पित्ताशय असतानाच लागू पडतो आणि औषध थांबविल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात.

पित्तमार्गाचे संरक्षण : लेसिथिनाची पुटिका विरघळविणारे पित्तलवण कोशिकापटलाचे फॉस्फोलिपिडही विरघळवू शकते. पित्तमार्गाचे अस्तर सुरक्षित राहते याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे पित्तातील लेसिथीन पित्तलवणांना मिश्र मायसेलांत गुंतवून ठेवते व सुट्या पित्तलवणांची संहती घटविते. लेसिथीन पित्तात सोडणाऱ्या प्रथिनाचा जीन निकामी केलेल्या उंदरांच्या पित्तात फॉस्फोलिपिड नसते व त्यांचे पित्तमार्ग आणि यकृत यांना इजा होते, असे १९९३ मध्ये नेदर्लंड्समधील संशोधकांनी दाखविले. मानवातील समकक्ष जीनच्या (एबीसीबी-४) दोषामुळे बालवयात यकृताचा वाढत जाणारा विकार किंवा तरुणपणीच कोलेस्टेरॉलाच्या पित्ताश्मरी उद्भवतात. लेसिथिनाच्या अभावी इजा व खडे हे दोन्ही परिणाम का व्हावेत, हे मायसेलांच्या उपरोक्त गुणधर्मांवरून समजते.

उपयोग : पटलांतील प्रथिने सौम्य रीतीने वेगळी करण्यासाठी कोलेट व डिऑक्सिकोलेट वापरतात. मिश्र मायसेलांच्या विद्रावातून अपोहनाने (अर्धपार्य पटलातून लहान रेणू गाळून) पित्तलवण काढून टाकल्यास प्रथिने सामावलेल्या पुटिका मिळतात; वाय्. कागावा व ई. रॅकर यांनी १९७१ मध्ये या पद्धतीने कलकणूंतील (मायटोकाँड्रियांतील) एंझाइमांचा अभ्यास केला. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांसाठीही या समूहांचा उपयोग होतो. के जीवनसत्त्वाच्या अंतःक्षेपणाचा एक प्रकार ग्लायकोकोलिक अम्ल व लेसिथीन यांच्या मिश्र मायसेलांचा असतो. पोटात घ्यावयाचे औषध आतड्यात कितपत विरघळेल हे अजमावण्यासाठी १९९८ पासून कृत्रिम आंत्रद्रव वापरात आले. त्यांत उपाशी अवस्थेसाठी टॉरोकोलेट ३ व लेसिथीन ०.७५, तर भोजनोत्तर अवस्थेसाठी अनुक्रमे १५ व ३.७५ मिलिमोल प्रतिलिटर घेतात. दोन्हींत गुणोत्तर ४ : १ असेच असले, तरी विरलनाच्या नियमानुसार दोन्ही द्रवांतील समूह सारखे नसतात. उपाशी अवस्थेच्या द्रवातील समूहांत लेसिथिनाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे एकच औषध उपाशीपोटी व जेवणानंतर घेतल्यास त्याच्या विद्राव्यतेत फरक पडू शकतो.